शारजातून दिसणारी पुण्याची हॉकी

कॉलेजच्या हॉकी संघाचा गोलकीपर म्हणून मी आयुष्यात एकही गोल खाल्लेला नाही. शारजाहून जबल अलीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये हे वाक्य मी जवळजवळ दहा वर्षं वापरलं. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. मी राखीव गोलकीपर होतो आणि तीन वर्षांत एकच सामना खेळलो, कारण त्या दिवशी खऱ्या गोलकीपरला कांजिण्या आल्या होत्या. समोर कुठलंसं नवं कॉलेज होतं. आमची पोरं अशी काही तुटून पडली की सत्तर मिनिटांत चेंडू एकदाही आमच्या गोलसमोरच्या डीमध्ये आला नाही. एकदा तो मैदानाबाहेर गेला, तेव्हा मी उचलून परत दिला. माझा आणि चेंडूचा संबंध तेवढाच. पायाला पॅडसुद्धा जिमखान्याच्या शिपायाने बांधून दिले होते.

संघ मात्र खरोखर मोठा होता, त्यात थाप नाही. खडकीची आणि कॅम्पातली पोरं, घरात दोन पिढ्यांची हॉकी. विद्यापीठाच्या संघात निम्मे आमचे असायचे. बाहेरगावचे संघ स्पर्धेला आले की आधी ड्रॉमध्ये आमचं नाव कुठे आहे ते बघायचे. त्या संघाच्या सावलीत तीन वर्षं बाकावर बसून मी संत्री सोलली आणि त्यातली बरीच खाल्ली. बी.कॉम. झालो, सर्टिफिकेट घेतलं, मुंबईला नोकरीला लागलो आणि त्यानंतर कॉलेजच्या फाटकातून आत पाऊल टाकलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आखातात आलो, जबल अलीच्या फ्री झोनमध्ये कंटेनरांची कागदपत्रं बघायला. बसमध्ये तासभर जायला, तासभर यायला. केरळचे लोक फुटबॉलवर बोलत, हैदराबादी क्रिकेटवर. जालंधरचे एक सरदारजी हॉकीवर बोलत आणि इतर कुणी हॉकीवर बोललं की हसत. मग मला बोलणं भाग पडलं. आमचं कॉलेज म्हणजे नॅशनल पॉवर आहे, मी म्हणालो. सरदारजींनी विचारलं, कधी? मी म्हणालो, कायमच.

यात मी एकटाच होतो असं नाही. आखातात प्रत्येकाचं गाव तो विमानात बसला त्या दिवशी जसं होतं तसंच राहतं. आमच्या मजल्यावरच्या एक वहिनी त्यांच्या सासरचा पत्ता सांगताना ज्या थिएटरची खूण सांगायच्या, ते पाडून तिथे मंगल कार्यालय झालं होतं, आणि त्या कार्यालयात त्यांच्याच धाकट्या दिराचं लग्न झालं होतं. तरी पत्ता थिएटरवरूनच. माझ्या कॉलेजची हॉकी ही त्यातलीच गोष्ट. फरक एवढाच की वहिनींच्या थिएटरवर कुणाचं भविष्य अवलंबून नव्हतं.

मुलगी सात वर्षांची असताना ती आणि बायको शारजाला आल्या. अल मजाजमध्ये सातव्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीतून पाण्याचा एक तुकडा दिसायचा. आम्ही दोघं मराठीत बोलायचो, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि हळूहळू कुणालाच त्यात काही वाटेनासं झालं. मी एक जुनी जपानी गाडी घेतली. विकणारा म्हणाला होता, एसी बर्फासारखा आहे. होताच तसा. दर उन्हाळ्यात वितळायचा. त्यामुळे शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, माझी फेरी इंडस्ट्रियल एरियातल्या एका गॅरेजमध्ये ठरलेली.

गॅरेजचे मालक पाकिस्तानातल्या पंजाबचे, गोजऱ्याचे. त्या गावात म्हणे पोरगं चालायला लागायच्या आधी स्टिक धरतं. ते स्वतः तरुणपणी तिकडे चांगल्या संघातून खेळले होते, मग गुडघा गेला. सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे, मीही. गॅरेजच्या मागे मोकळा प्लॉट होता. त्यावर जुनं इंजिन ऑइल ओतून ओतून वाळू घट्ट केलेली, त्यामुळे पडलं की कपडे फेकूनच द्यावे लागत. शुक्रवारी सकाळी सहाला तिथे मेकॅनिक, पत्रा ठोकणारे डेंटर, पेंटर असे मिळून हॉकी खेळायचे. मुलगी दहा वर्षांची असेल. एसीचं काम लांबलं म्हणून कंटाळून तिने भिंतीला टेकवलेली एक स्टिक उचलली आणि कडेकडेने चेंडू ढकलत राहिली. उस्ताद बॉनेटमधून डोकं काढून बघत राहिले. मग हात पुसत माझ्याजवळ आले आणि म्हणाले, साहब, ये किस पे गई है?

मी म्हणालो, माझ्यावर.

त्यानंतर आठ वर्षं एसी बिघडो न बिघडो, आम्ही शुक्रवारी तिथे जायचोच. ती राइट हाफ म्हणून खेळू लागली. तिच्या शाळेत मुलींचा संघ सुरू झाला तेव्हा तिला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी फ्लास्कमधला चहा पीत गाडीला टेकून उभा राहायचो आणि परतीच्या वाटेवर तिला माझ्या कॉलेजच्या गोष्टी सांगायचो. पेनल्टी कॉर्नर कसे घ्यायचे, फायनलला कसे ढोल वाजायचे. ती ऐकायची. मुलांच्या बाबतीत हेच वाईट. आपल्याला वाटतं ती ऐकत नाहीत.

एका शुक्रवारी त्यांचा गोलकीपर आला नाही. ती तेरा-चौदाची होती. उस्ताद माझ्याकडे वळून अगदी आदराने म्हणाले की आपण तर नॅशनल लेव्हलचे, उभे राहा ना थोडा वेळ. नाही म्हणायला तोंड नव्हतं. मी पॅड घेऊन भिंतीआड गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बांधले. सामना सुरू झाला. एक पेंटर चेंडू घेऊन सरळ माझ्याकडे आला. गोलकीपरने पुढे धावत जाऊन अँगल कमी करायचा असतो, हे मला बाकावरून पाठ होतं. मी धावलो. दोन पावलं गेलो आणि दोन्ही पाय एकमेकांत असे अडकले की मी दंडवत घातल्यासारखा आडवा झालो. पेंटर बिचारा थांबला. चेंडू त्याच्याच वेगाने, सावकाश, माझ्या कानाजवळून आत गेला.

उस्तादांनी मला उभं केलं. माझ्या पायांकडे बराच वेळ पाहिलं. मग हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, विचारलं, "साहब, नॅशनल लेव्हल पे बकल अंदर की तरफ बाँधते हैं?"

पॅडचे बकल बाहेरच्या बाजूला घ्यायचे असतात. आत घेतले की ते एकमेकांत गुंततात. कुठल्याही संघाच्या कुठल्याही गोलकीपरला हे पहिल्या दिवशी कळतं. सगळे हसले, एक डेंटर तर खालीच बसला. मुलगी हसली नाही. ती पलीकडे बघत स्टिकची टेप घट्ट करत होती. घरी जाताना मी तिला सांगितलं की आमच्या काळी पॅड वेगळे यायचे. ती म्हणाली, "ओके, बाबा."

तो गोल मी माझ्या हिशेबात धरत नाही. तो कॉलेजकडून खेळताना खाल्लेला नाही.

बारावीचा निकाल लागला तोपर्यंत नवं शतक लागून दोन वर्षं झाली होती. दक्षिणेतल्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगची एनआरआय सीट जवळजवळ पक्की होती. बायकोने चार महिने पत्रव्यवहार करून ती जमवली होती. जूनच्या अखेरीपर्यंत हो म्हणायचं होतं. आम्ही हो म्हणणार, अशा समजुतीने बायकोने बॅगाही काढल्या. तेव्हा मुलगी म्हणाली की तिला पुण्याला जायचंय. बाबांच्या कॉलेजात. तिथे बी.एस्सी. कॉम्प्युटर आहे, तिने बघितलंय, आणि तिला हॉकी नीट खेळायची आहे. नीट म्हणजे विद्यापीठासाठी, जमलं तर त्याच्याही पुढे. दक्षिणेतल्या त्या कॉलेजात टेबल टेनिस होतं.

बायको माझ्याकडे बघत राहिली. हे तुमचं काम, असं तिच्या नजरेत स्पष्ट दिसत होतं. मुलीने मला सरळ विचारलं, "बाबा, आर दे स्टिल गुड?"

मी म्हणालो, म्हणजे काय, नॅशनल पॉवर आहे ती.

"हाऊ डू यू नो?"

मी आवाज चढवला. ती शांतपणे म्हणाली की ठीक आहे, पण प्रूफ दाखवा. संघ खरंच तसा असेल तर ती जाईल, नसेल तर मम्मी म्हणेल तिकडे. मुलगी झोपायला गेल्यावर बायकोने मला एवढंच सांगितलं, "तिची तीन वर्षं तुमच्या एका मॅचवर लावू नका."

शहाण्या माणसाने दुसऱ्या दिवशी कॉलेजला फोन केला असता. मी केला नाही. कॉलेजला मेच्या सुट्ट्या आहेत, फोन उचलणार कोण, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. त्यापेक्षा मी आखाती पद्धत वापरली. त्या काळी आखातातून कुणी सुट्टीवर निघालं की तो माणूस राहायचा नाही, पोस्ट ऑफिस व्हायचा. आमच्या ऑफिसातले एक कोथरूडचे गृहस्थ पंधरा दिवसांसाठी निघाले होते. त्यांच्याकडे लोकांची औषधं, साड्या, आईच्या चष्म्याचा नंबर असं सगळं आधीच होतं. मी त्यात भर टाकली: जरा आमच्या कॉलेजात जाऊन जिमखान्याचे फोटो काढून आणा. मोठा हॉल आहे, तिथे कपाट आहे. माणूस भला. म्हणाले, इन्शाल्ला.

आणि त्यांनी खरंच आणले. बाकरवडीच्या पुड्याबरोबर फोटोंचं पाकीट आणि निगेटिव्ह. सुट्टी असल्यामुळे कॉलेजात शिपायाखेरीज कुणी नव्हतं, पण त्याने हॉल उघडून दिला होता. कपाट तेच. काचेच्या मागे तीन खण भरून चांदीचे कप, ढाली, आणि वर भिंतीवर संघांचे ग्रुप फोटो. मला बसमध्ये भरून आलं. शेजारच्या सरदारजींना दाखवलं. त्यांनी कप मोजले आणि पहिल्यांदाच हसले नाहीत.

इथे थांबायला हवं होतं. पोस्टकार्डाएवढा फोटो, त्यात कपांची गर्दी. कुणी काही विचारलं नसतं. पण माझ्यातला राखीव गोलकीपर असा आहे की चेंडू येत नसेल तर स्वतः आणायला जातो. मी निगेटिव्ह घेऊन शारजाच्या रोला बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो आणि कपाटाचा फोटो दोन फूट बाय तीन फूट करून घेतला. स्टुडिओवाला म्हणाला, निगेटिव्ह अच्छा है साहब, एकदम क्लियर आएगा. मी म्हणालो, यल्ला, करून टाका.

शुक्रवारी तो गुंडाळून मैदानावर नेला. उस्तादांसमोर उघडायचा होता ना. सकाळचे साडेआठ, जूनचा उकाडा, खेळ संपवून सगळे पाण्याच्या कूलरपाशी उभे. मी गाडीच्या बॉनेटवर तो पसरला, चार कोपऱ्यांवर चार नटबोल्ट ठेवले आणि बाजूला झालो. बायकोलाही मी मुद्दाम बरोबर आणलं होतं.

मुलगी घाम पुसत पुढे आली आणि नाक टेकेल इतकी वाकली. फोटो खरोखर एकदम क्लियर आला होता. प्रत्येक कपाखालच्या लाकडी बैठकीवर पितळी पट्टी आणि पट्टीवर साल. ती वरच्या खणापासून वाचत गेली. मी तिच्या खांद्यावरून वाचत गेलो आणि दुसऱ्या खणापाशी अडलो. सगळ्यात अलीकडचा कप मी बी.कॉम. झालो त्या वर्षाचा होता. त्यानंतर एकही नाही. त्या कपाटातली सर्वांत तरुण वस्तू माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी होती.

मी काहीतरी बोललो. नवे कप दुसऱ्या कपाटात असतील, असं काहीतरी. तिने ते ऐकलंच नाही. ती आता वरचे ग्रुप फोटो बघत होती, एकेक चेहरा. मग सरळ उभी राहिली.

"व्हेअर आर द गर्ल्स?"

मला आधी प्रश्नच समजला नाही. आणि तो समजला तेव्हा इतकी लाज वाटली की बकलांच्या वेळीही वाटली नव्हती. आठ वर्षं मी एका मुलीला एका संघाच्या गोष्टी सांगत होतो, तिला तिथे खेळायला पाठवायला निघालो होतो. आणि त्या संघात मुली असतात का, त्या कॉलेजात मुलींना हॉकीची स्टिक तरी मिळते का, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नव्हता. माझ्या वेळी नव्हत्या. हे मला माहीत होतं, आणि तरीही माहीत नव्हतं.

उस्तादांनी नटबोल्ट उचलले, फोटो व्यवस्थित गुंडाळला आणि माझ्या हातात दिला.

"साहब, अलमारी से क्या पूछते हो," ते म्हणाले. "किसी आदमी से पूछो."

शुक्रवारी आपल्याला सुट्टी असते आणि पुण्यात कामाचा दिवस. कॉलेज त्याच आठवड्यात उघडलं होतं. घरी पोचल्याबरोबर मी फोन लावला, मुलीच्या हुकुमावरून स्पीकर चालू ठेवून. ऑफिसने जिमखान्याला जोडून दिलं. एका बाईंचा आवाज आला, मागे कुणीतरी खुर्च्या सरकवत होतं. मी माझी ओळख करून दिली, माजी खेळाडू म्हणून. मुलीने भुवया वर केल्या. मी दुरुस्ती केली: माजी राखीव खेळाडू. मग विचारलं की सध्या आपल्या कॉलेजची हॉकी कशी काय आहे.

बाईंनी अजिबात आडपडदा ठेवला नाही. मुलांचा संघ पाच-सहा वर्षांपूर्वीच बंद पडला. खडकीची पोरं आता दुसऱ्या कॉलेजांत जातात, जिथे कृत्रिम गवताचं टर्फ आहे तिथे. आपलं मैदान आहे, पण अर्ध्या भागात दुचाक्या लागतात. मी हूं हूं करत होतो. माझ्या डोळ्यांसमोर ढोल वाजत होते ते एकेक करून थांबत गेले.

"आणि मुली?" मी विचारलं.

मुलींचा संघ गेल्या वर्षी सुरू झाला, बाई म्हणाल्या. मुलींनीच अर्ज दिला म्हणून. नऊ जणी आहेत. त्यातल्या दोघी कबड्डीतून आल्यात, एकीने तर आधी कधी स्टिक धरलेली नव्हती. सकाळी खडकीला मातीवर सराव, टर्फ मिळालं तर पिंपरीला. गेल्या वर्षी दोन सामने होते. एक आठ-शून्य हरलो, दुसऱ्याला मुली भरल्या नाहीत म्हणून वॉकओव्हर दिला.

मी अजूनही सावरलो नव्हतो. मी म्हणालो, "मॅडम, आपलं कॉलेज तर नॅशनल पॉवर होतं."

"हो, ऐकलंय मी," त्या म्हणाल्या. "कपाट रोज बघते ना. पण सर, मला आधी अकरा पूर्ण करायच्यात. तुमची मुलगी काय खेळते?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलीने रिसीव्हर उचलला. स्पीकर बंद झाला, त्यामुळे पुढचं आम्हाला एकाच बाजूने ऐकू आलं. आणि ते मराठीत होतं. अडखळत, क्रियापदं शोधत, पण मराठीत.

"मॅडम, मी राइट हाफ खेळते. पण नऊच आहेत तर… जिथे पाहिजे तिथे खेळेन." मग थोडं थांबून, "शुक्रवारी पाचला उठते." मग पुन्हा थांबून, "रोज? चालेल."

तिने फोन ठेवला. मी सोफ्यावर बसून तिची माफी मागितली. सगळं सांगून टाकलं: एकच सामना, कांजिण्या, संत्री, पॅड बांधणारा शिपाई. मला वाटलं होतं तिला धक्का बसेल. ती म्हणाली की तिला बकलांच्या दिवशीच कळलं होतं. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, मी विचारलं. तर म्हणे गोष्टी चांगल्या होत्या.

आणि तरी तिला जायचं होतं. हे मला त्या दिवशी उमगलं नाही, प्रामाणिकपणे सांगतो. मी तिला समजावायला लागलो की तो संघ आता काहीच नाही, आठ-शून्य म्हणजे काय असतं, माझ्या वेळी आम्ही आठ-शून्य करायचो. पोरीचं सगळं गणित माझ्या उलट होतं. मोठ्या संघात ती कुठल्या तरी बाकावर बसली असती. इथे पहिल्या दिवसापासून मैदानात. बाकाचा विषय निघाल्यावर माझं बोलणं आपोआप संपलं.

बायको विरोध करील असं आम्हा दोघांनाही वाटत होतं. ती आत जाऊन दक्षिणेतल्या कॉलेजची फाइल घेऊन आली, समोर ठेवली आणि म्हणाली, "यांच्या माहितीपत्रकात सगळं फर्स्ट क्लास आहे. मी चार महिने बोलतेय, एकाही माणसाने मला काही वाईट सांगितलं नाही. ती बाई दहा मिनिटांत सगळं वाईट सांगून मोकळी झाली." मग मुलीला म्हणाली की कॉम्प्युटर मात्र सोडायचा नाही, पहिल्या वर्षी मार्क घसरले तर हॉकी खलास. मुलगी म्हणाली डील. माझ्याकडे दोघींपैकी कुणीही पाहिलं नाही, आणि ते योग्यच होतं.

पुढच्या शुक्रवारी उस्तादांना सांगितलं, नऊ जणी आहेत म्हणून. मला वाटलं ते हळहळतील. ते म्हणाले, "नौ? नौ बहुत हैं. हमने सात से शुरू किया था." मला दाट शंका आहे की ही थाप होती. थापाड्याला थापाड्या ओळखतो. पण ती ऐकताना मुलीचा चेहरा बघितला आणि मी गप्प बसलो. काही थापा बकल बाहेर ठेवून बांधलेल्या असतात.

जुलैत ती गेली. विमानतळावर स्टिकचं काय करायचं यावर काउंटरवर अर्धा तास चर्चा झाली; शेवटी स्टिक सामानात गेली. नंतर दर शुक्रवारी फोन. पहिले दोन महिने फोनवर हॉकी कमी आणि पायाचे फोड जास्त. सकाळचा अंधार, खडकीची माती, कबड्डीतून आलेली एक मुलगी जी चेंडूपेक्षा समोरच्या मुलीलाच पकडायला जाते. बाईंनी वर्गावर्गांत फिरून आणखी तिघी मिळवल्या. दुचाक्यांचा कोपरा निदान सकाळी आठपर्यंत मोकळा ठेवायला प्राचार्यांनी मान्यता दिली. ती हे सगळं मराठीत सांगायची. मध्येच मी इंग्रजीत काही बोललो तर थांबायची.

पहिला सामना सहा-शून्य हरल्या. मी फोनवर काहीतरी सांत्वन सुरू केलं, तर ती खुशीत होती. बाबा, गेल्या वर्षीपेक्षा दोन कमी. दुसरा तीन-शून्य. तिसऱ्याच्या आधी एकीचा घोटा सुजला, दोघींची प्रॅक्टिकल होती, आणि बाईंनी पुन्हा वॉकओव्हरचा विषय काढला. मुलींनी नाही म्हटलं. दहाच जणी खेळल्या आणि दोन-दोन बरोबरी केली. त्या आठवड्यात मी बसमध्ये काय बोललो असेन ते सांगायला नको. सरदारजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, लड़कियाँ? मी म्हणालो, हां जी. त्यांनी मान डोलावली. त्यांचीही एक मुलगी होती, बारावीला.

हिवाळ्यात, जानेवारीच्या एका शुक्रवारी, सकाळीच फोन वाजला. ही तिची नेहमीची वेळ नव्हती, म्हणून बायको धावली. मागे इतका आरडाओरडा होता की पहिल्यांदा काही कळेना. जिंकल्या होत्या. एक-शून्य, पेनल्टी कॉर्नरवर. गोल तिचा नव्हता, पण पास तिचा होता. बायकोने फोन माझ्याकडे दिला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

मी विचारलं, समोर कोण होतं. तिने एका कॉलेजचं नाव सांगितलं. अरे वा, मोठं कॉलेज, मी म्हणालो. ती हसायला लागली.

"मोठं आहे. पण त्यांच्या नऊच आल्या होत्या."

मी म्हणालो, जिंकणं ते जिंकणं.

"हो. पण बाबा," ती म्हणाली, "उद्या बसमध्ये सांगाल ना, तेव्हा नऊ जणींचं पण सांगा."

शनिवारी सकाळी बसमध्ये मी सांगितलं. एक-शून्य आधी सांगितलं, पेनल्टी कॉर्नर नीट रंगवून सांगितला, तिच्या पासबद्दल तर पार जबल अलीचं पहिलं गेट येईपर्यंत बोललो. नऊ जणींचं उतरताना सांगितलं, पायरीवर, जरा घाईत. पण सांगितलं.